दहाव्या दिवशी उघडलेली बरणी

बेन लुक, सोमवार

ताईला थिन्हचा नमस्कार, छोटीला पापा.

मी मजेत आहे, पोटभर जेवतो. आईचा खोकला कसा आहे?

ज्या दिएमसाठी कॉलेज सोडून इथे आलो, तिच्या बागेत यंदा लिंबांचा नुसता खच पडलाय. म्हणून तिच्या आईने ती मिठात मुरवायला घरोघर वाटली. मीही बरणी भरून छपरावर उन्हात ठेवली. सालं तपकिरी होईपर्यंत, महिनाभर तरी, झाकण काढायचं नसतं. मला कुठला दम! दहाव्या दिवशीच एक लिंबू काढलं, साखर-बर्फात चेचलं आणि पेला मायलेकींपुढे धरला.

कडूजहर! दिएम तोंड दाबून हसली. तिची आई म्हणाली, "कॉलेज अर्धं सोडलंस, लिंबू अर्धं काढलंस. उद्या माझ्या पोरीलाही अर्ध्यावर सोडशील!"

भडकून निघणारच होतो. पण ताई, गेलो नाही. तिथेच बसून नवी बरणी भरली आणि त्यांच्या स्वाधीन केली. तेव्हापासून चैन नाही. रोज कुंपणावरून डोकावून रंग बघतो.

महिन्याने त्या चाखतील. पसंत पडलं, तर बाबा विडा-सुपारी घेऊन मागणी घालायला येतील का? माझ्याशी ते बोलत नाहीत, माहीत आहे. तूच विचार ना.

तुझाच,
थिन्ह