तुमच्या साखरेसाठी धरलेला उपास

अहो,

“काकू, उद्यापासून सकाळी उठल्यावर तासाभरात काहीतरी खायचं, आणि अर्धा तास चालायचं.” डॉक्टरीणबाई काल असं म्हणाल्या आणि मी हो म्हणून बसले. तपासणी माझी होती. माझी साखर काठावर आली आहे. महिनाभर मनात शंका होती, पण तुम्हाला बोलले नाही.

मला काही उमगत नाही. तुमची साखर ताब्यात राहावी म्हणून वर्षभर मी दिवस मावळेपर्यंत उपाशी राहते. तुमची उतरली आणि माझी चढली. “यांची माझ्याकडे तर नाही ना आली?” असं विचारलं, तर बाई हसल्या. “साखर अशी घर बदलत नाही, काकू. उपास सोडताना काय खाता?” खजूर, केळी, गोड दूध, मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आता उपास मोडला तर तुमचं काय, आणि नाही मोडला तर माझं काय? देवापुढे दिवा लावला. शेवटी शब्द दिलाय म्हणून वाटीभर उकडलेले हरभरे खाल्ले.

उठलात की आधी बोट टोचून साखर मोजा. आकडा वाढला असला, तर माझ्यासारखं लपवू नका. तुमचे हरभरे झाकून ठेवलेत.

दार ओढून घेते आहे. तळ्याभोवती अर्धा तास चालून येते.