दाराच्या आतला रंग

बोरी, ता. जिंतूर
बुधवार, दुपार

प्रिय सुगत,

जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, खोकला गेला, गुडघा आहे तसाच आहे. घरात फोन असताना बाबांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. पण फोनवर तू स्पीकर लावतोस, मधेच नात, संघप्रिया, फोन ओढून घेते आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. शेजारचा भागवत आज ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतो. रविवारी तू इकडे यायला निघशील, त्याच्या आत तुला ही गोष्ट कळली पाहिजे. तुझी माय गेली त्या सकाळची आहे. मी चौथीपर्यंतच शिकलेला माणूस, माझं अक्षर लागायला वेळ लागतो. पण हळू वाच आणि आधी तू एकट्यानं वाच. मग बबिताला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तू मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालास की बाबा, गाडीच्या आतला रंग चार महिन्यांत कुठंच उडाला नाही, कंपनीतले लोक विचारतात कुठून करून घेतला. दोन मित्रांना त्यांच्या गाड्यांचं काम द्यायचंय, रविवारी दाराची पॅनलं काढून घेऊन येतो, तुमचा हात आता प्लास्टिकवर बसलाय. मी नुसतं "बघू" म्हणालो. तुला वाटलं बाबा लाजले. तेव्हापासून माझं जेवणाकडे लक्ष नाही. गॅस बंद केला का म्हणून तीन-तीनदा उठून बघतो. तू ती पॅनलं घेऊन दारात उभा राहिलास तर मी नाही कसं म्हणू, आणि का नाही म्हणतो हे न सांगता कसं म्हणू, हाच विचार चालू असतो.

आधी त्या रंगाचं सांगतो. तुझा समज आहे की तो मी दिला. मी आयुष्यभर वर्कशॉपात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या. लोखंडाला तांबडा प्रायमर, वर ऑइलपेंट, काम संपलं. तू जुनी गाडी घेऊन आलास, इथं ठेवून गेलास आणि म्हणालास, इंजिन चांगलं आहे, आतून मात्र अवकळा आली आहे, तुम्हाला जमेल का? दारांची पॅनलं पांढुरकी पडलेली, डॅशबोर्डवर कुणी कुणी तेल चोळून चोळून चिकट थर बसलेला. मी म्हणालो, त्यात काय. समोरच्या कप्प्याचं झाकण काढलं आणि ट्रॉलीसारखाच दोन हात रंग मारला. दोन दिवसांनी तुझ्या मायनं त्याच्यावर नख ओढलं, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा रंग उचलून आला. ती हसत सुटली. म्हणाली, "सुगतचे बाप, चुलीमागच्या भिंतीला चुना लावा म्हणून तीन वर्सं झाली ओरडायले, ती न्हाई झाली. अन् लेकाच्या गाडीला ह्यो पापड!" दिवसभर येईल त्याला ते झाकण दाखवत होती.

मग मी परभणीला गेलो. रंगाच्या दुकानातला माणूस शहाणा निघाला. म्हणाला, काका, लोखंड रंगाला धरतं, प्लास्टिक धरत नाही. त्यात तेल लागलेलं असेल तर रंगाला बारीक बारीक खळगे पडतात. आधी साबणानं धुवा, एकदा नाही, तीनदा. मग बारीक पॉलिश पेपर पाण्यातून फिरवा, प्लास्टिकची चकाकी मरेपर्यंत. थिनर चोळू नका, प्लास्टिक विरघळतं. मग प्लास्टिकचा वेगळा पाण्यासारखा प्रायमर येतो, तो मारा. रंग एकदम जाड देऊ नका, पातळ पातळ चार-पाच हात, मधे वाळू द्या. शेवटी वरून बिनचकाकीचं पारदर्शक लॅकर. आणि वरून वाळला वाटला तरी आतून कडक व्हायला आठ दिवस लागतात, तोवर हात लावू नका. मी सगळं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि एसटीत बसून तोंडपाठ केलं.

धुण्याचं काम तुझ्या मायनं माझ्याकडून काढून घेतलं. म्हणाली, तुमचं धुणं म्हंजी भिजवणं. हौदापाशी बसून तिनं एकेक पॅनल भांड्याच्या साबणानं घासलं. खाचांतली घाण काढायला दातांचा जुना ब्रश घेतला. तिसऱ्यांदा धुतल्यावर पाण्याचा थेंब पॅनलवर गोल न राहता पसरायला लागला, तेव्हा म्हणाली, आता गेलं बघा तेल. ही खूण मला त्या दुकानदारानंही सांगितली नव्हती. मी वर्कशॉपातून कॉम्प्रेसर आणि रंग फवारायची गन मागून आणली. गोठा रिकामा करून झाडला, पाणी मारलं. धूळ येऊ नये म्हणून ती दारात दोन्ही हातांनी जुनी साडी ताणून उभी राहायची, रंगाच्या एकेका हाताला दहा-दहा मिनिटं. वासानं डोकं दुखायला लागलं तरी हलायची नाही. मी म्हणालो, खिळ्याला बांधू की साडी. म्हणाली, खिळा वारा बघून वळतो का? तर सुगत, तो रंग टिकला आहे तो तिच्या धुण्यामुळं. तू माझं कौतुक करतोस तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण सांगायला हात जड झालाय.

तू शनिवारी येणार होतास. लॅकर मारलं मंगळवारी. आठ दिवस होत नव्हते, पण तुला गाडी पुरी तयार दिसावी अशी आम्हा दोघांनाही हौस. म्हणून गुरुवारी सकाळी भागवतला बोलावून पॅनलं बसवून घेतली. वरून वाळलं होतं, पण नख लागलं तर खूण उठली असती. ती बसवून झाली आणि तुझी माय भिंतीला टेकून खाली बसली. पाठीत कळ येते म्हणाली. कपाळावर घाम, हनुवटी दुखते म्हणे. थंडीचे दिवस, घाम कशाचा? तिनं ओवा चावला, पाणी प्यायली. म्हणाली, पित्त हाय, सकाळपासून पोटात काही न्हाई.

भागवत दारातच होता. तो म्हणाला, "काका, चावी द्या. परभणीला नेऊन दाखवू काकूला." मी म्हणालो, "अरे रंग वला हाय." तुझी मायही म्हणाली, "नगं रं भागवत, सुगत परवा येतूया. जीपनं जातो आमी." भागवत चिडला. "दारात गाडी हाय अन् जीपची वाट कशाला बघायलाव?" असं म्हणाला. मी त्यालाच गप्प केलं. म्हणालो, पित्तासाठी कुणी गाडी खराब करतं का?

आम्ही दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. ती माझ्यामागं चालत आली, मधे दोनदा थांबली. एक काळीपिवळी जीप भरून गेली. दुसरीवाल्यानं टपावर जागा आहे म्हणून हात केला. अर्धा तास गेला, सुगत. घड्याळ माझ्या हातात होतं आणि मी जीप बघत होतो. तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं. ती खाली मातीतच बसली तेव्हा बघितलं. तेवढ्यात भागवतच घरी जाऊन, खुंटीवरची चावी घेऊन गाडी घेऊन आला. मला विचारलंसुद्धा नाही.

गाडीचं मागचं दार उघडलं. आत चढताना तिनं आधारासाठी दाराच्या पॅनलकडे हात नेला. आणि मी म्हणालो, "हात लावू नको, वला हाय." आठ दिवस गोठ्यात तेच तेच म्हणत होतो, कोंबडीला, कुत्र्याला, तिला, तेच तोंडातून गेलं. तिनं हात मागं घेतला. मी तिला दंडाला धरून चढवलं. ती सीटच्या मधोमध बसली, दोन्ही हात पदरात घेऊन, दोन्ही बाजूंनी अंग चोरून. झरीच्या पुढं रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्याला ती हलत होती, पण दाराला धरत नव्हती. स्वतःचे गुडघे धरत होती. मी तिला "धर" म्हणायला पाहिजे होतं. मला सुचलं नाही. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, टेकली. बरं वाटलं मला.

पुढचं तुला माहीत आहे. लोक विचारतात, शेवटी काय बोलली? मी सांगतो, सुगतचं नाव घेतलं. ती काही बोलली नाही, बाळा. मीच शेवटचं बोललो, आणि जे बोललो ते वर लिहिलंय. गाडीतल्या एकाही पॅनलवर तिच्या बोटाची खूण नाही. तू गाडी घेऊन जाईपर्यंत मी ऊन पडलं की रोज दार उघडून बघायचो. गुळगुळीत.

आता जे खरं सांगायचंय ते. त्या संध्याकाळी तू आलास आणि पहिलं विचारलंस, "बाबा, गाडी तर दारातच होती ना? मग उशीर कसा झाला?" भागवत माझ्याकडे बघत होता. तो काही बोलायच्या आत मी म्हणालो, बॅटरी उतरली होती, धक्का मारून चालू करावी लागली. आदल्या आठवड्यात तू फोनवर म्हणाला होतास की बॅटरी जुनी आहे, पगार झाला की बदलतो. तेच मला आठवलं आणि तेच बोललो. तू तिथंच मटकन खाली बसलास. मी बघितलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पण पुण्यानुमोदनाच्या विधीपर्यंत माणसं येत राहिली. मग तू गेलास, मग एक-एक दिवस करत चार महिने झाले. बॅटरीला काहीच झालं नव्हतं. एका किल्लीत गाडी चालू झाली होती. भागवतनं माझी लाज राखली, पण त्या दिवसापासून तो माझ्या ओट्यावर चहाला बसत नाही. आज सकाळी हे पत्र नेशील का विचारलं तेव्हा आत काय असणार ते त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "लवकर लिव्हायचं व्हतं, काका."

सोमवारी बबिताचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. रडत होती. म्हणाली, ह्यांनी नवी बॅटरी टाकली, पण जुनी भंगारात देत नाहीत, गॅलरीत ठेवलीय, येता-जाता बघतात. म्हणतात, माझ्या आळसानं माय गेली. पोरीला गाडीत बसवायच्या आधी दोन-दोनदा गाडी चालू करून बघतात. सुगत, ती बॅटरी आजच्या आज देऊन टाक. तुझा त्यात काडीचा दोष नाही. दोष माझा होता. तो मी तुझ्या डोक्यावर ठेवला आणि चार महिने तू तो वागवत होतास. बापानं असं करू नये. तू गाडी विकलीस तरी मी काही म्हणणार नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी समजून घेईन. पण मित्रांची पॅनलं आणू नकोस. माझ्याच्यानं पुन्हा कुणाला "हात लावू नका" म्हणवणार नाही.

आणि पत्र लिहायचं अजून एक कारण आहे. नुसतं खरं सांगायचं असतं तर कदाचित माझं भ्याडपण अजून चार महिने टिकलं असतं. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं, कागदावर वेळ लिहिली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी काही विचारीन. मी विचारलं नाही. अर्धा तास आधी आणली असती तर वाचली असती का, एवढंच विचारायचं होतं. नंतर मी दोनदा परभणीला गेलो. एकदा दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसलो आणि नंबर आल्यावर उठून एसटी पकडली. ते "हो" म्हणाले तर काय करायचं, ते मला कळत नाही. "नाही" म्हणाले तर त्यावर माझा विश्वास बसणार नाही, मला वाटेल म्हाताऱ्याला समजवायलेत. तू शिकलेला आहेस, तुला कळेल ते खरं बोलतात की नाही. रविवारी यायचं तुझ्या जिवावर आलं तर नको येऊस. पण आलास तर एक दिवस जास्तीची रजा टाक. सोमवारी सकाळी आपण दोघं तिथं जाऊ. मी बाजूला बसतो, तू विचार. एकट्यानं मला नाही विचारवत, सुगत.

तुझाच,
बाबा