हेड तरंगतंय

३ मार्च, सोमवार
निश्चय झाला. या धूळबंद क्लीनरूममधून बाहेर पडायचंच. खिडकी नाही, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, नाक खाजलं तरी हात लावायची सोय नाही. वर डिझाइन विभागात खिडकीजवळची जागा रिकामी होतेय. ती माझीच. फक्त काहीतरी करून दाखवायला हवं.

५ मार्च
हार्ड डिस्कमधलं डेटा वाचणारं हेड फिरत्या चकतीला शिवत नाही, मधल्या हवेवर तरंगतं. अंतर जितकं कमी, तितका डेटा जास्त मावतो. खऱ्या चकतीतून आरपार दिसत नाही, म्हणून आम्ही काचेची फिरवतो आणि प्रकाश टाकून अंतर मोजतो. आमच्याकडे दहा नॅनोमीटरच्या खाली कोणी गेलेलं नाही. मी जाणार.

१० मार्च
युक्ती सापडली. चकती जरा हळू फिरवायची. हवा कमी, हेड खाली. आठ! इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नाही, कमाल आहे. घरी बायकोला सांगितलं. म्हणाली, हळू चालणारी डिस्क घेणार कोण? घरच्यांना संशोधन कळत नाही.

१३ मार्च
पाच. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली, आत्ता कुठे कॉलेजातून आलेली, म्हणते बारीक कुरकुर ऐकू येतेय. म्हटलं, एसी असेल. मोजण्याआधी हेड उचलून मशीन नव्याने जुळवून घ्या, असंही म्हणाली. आता या पोरीकडून शिकायचं? गेल्या महिन्यात जुळवलंय की.

१७ मार्च
तीन. वर डिझाइनमध्ये झगा नसतो, शर्ट दिसतो. बायकोला म्हटलं, चार शर्टांना इस्त्री कर. म्हणाली, इस्त्री कपाटात आहे.

१९ मार्च, सकाळ
आज साहेबांना दाखवायचं.

संध्याकाळ
साहेबांनी आधी कान लावला. मग टॉर्च मारून काच पाहिली. गोल गोल ओरखडे.
"अहो, हे तरंगत नाहीये. घासतंय. केव्हापासून?"
म्हटलं, पाच नॅनोमीटर आलं तेव्हापासून असेल. चष्मेवालीने मान खाली घातली. हसली असती तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च
वरची जागा चष्मेवालीला. तिचा कान चांगला आहे म्हणे. मी इथेच, शिवाय काचा तपासायचं काम गळ्यात. जीव गुदमरतो. आज मास्कच्या आत रडू आलं, तर डोळे पुसायचीही पंचाईत.

२६ मार्च, सकाळ
बस झालं. राजीनामा. माणसाला स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही?

दुपार
साहेबांसमोर ताठ उभा राहिलो. "साहेब, मी राजीनामा द्यायचं म्हणतोय."
"बरं. केव्हा देताय?"
म्हटलं, तसं नव्हे, हातमोजे संपत आलेत.
साहेबांनी तिथल्या तिथे दोन खोकी मंजूर केली. माझ्या शब्दाला अजून किंमत आहे.