चार नंबरची खाट आजपासून ऋतुराजची

लिहून ठेवणार: सम्राट आकाराम चौगले, वय २७, धंदा वेल्डिंग, मूळ राहणार कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर. हल्ली मुक्काम पाइपलाइनचा लेबर कॅम्प, मुंद्रा, कच्छ.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, राजीखुशीने, कुणाचा धाक नसताना लिहितो. शुद्धीत आहे. काल सकाळपासून घेतलेली नाही, म्हणून आजच लिहायला बसलो. उद्याचा माझा मलाच भरवसा नाही. शाळा आठवीपर्यंत झाली, चुका पोटात घाला. मी जीव देणार आहे असं कुणी समजू नये, आईनं तर नाहीच. पण इथल्या डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट बघून सांगितलं की परत घेतलीस तर वर्ष काढणार नाहीस. त्यानंतर मी घेतली. म्हणून हा कागद.

कलम एक. कोडोलीच्या घरातला माझा हिस्सा आणि पीएफचं जे काय येईल ते माझी आई चिमणाबाई हिचं. आई, मी लाथेनं फोडलेलं कपाटाचं दार अजून तसंच आहे. ते बदलून घे. माझी आठवण म्हणून ठेवू नको.

कलम दोन. माझा ग्राइंडर, वेल्डिंगची काच आणि चामड्याचे हातमोजे कसबा बावड्यातल्या तात्यासोंच्या घराला, जिथं मी दारू सोडून राहायचो. तिथलं गेट मी केलंय, पण तेव्हा हात कापत होते, जोड वाकडे बसलेत. कुणीतरी ते नीट करावेत.

कलम तीन. उदयसिंह काकांना माझा दुधाचा स्टीलचा ग्लास. पाच महिने कोरडा राहून मी त्यांच्या पोरीच्या लग्नाला गेलतो. ते भर मांडवात म्हणाले, "या पावणं, तुमच्यासाठी दुधाची बाटली सांगून ठेवलीया. तान्ह्या पोरागत बूच लावूनच आणतील." लोक हसले, मीपण हसलो. त्या दिवशी मी घेतली नव्हती, काका. ग्लास घासून द्यावा.

कलम चार. खरं काम हे आहे. बाकी कागद यासाठीच.

तात्यासोंच्या घरात आम्ही आठजण राहतो. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेले, पण सरळ घरी जायची छाती नसलेले. दिवसा कामाला जायचं, संध्याकाळी परत यायचं. तात्यासो जैन घरातले, तरी बारा वर्षं पीत होते. भावकीनं त्यांना पंगतीतून उठवलं होतं. त्यांच्या घरात जेवण दिवस मावळायच्या आत. त्यांच्या बायको अक्काताई दिवस बुडाला की चुलीला हात लावत नाहीत. आधी आम्ही कुरकुर करायचो. मग कळलं, पिणाऱ्याचा जीव तिन्हीसांजेला उठतो, आणि त्या वक्ताला पोटात भाकरी-आमटी असली तर खाली बसतो. जेवण झालं की पाळीनं म्हशीची धार काढायची. ज्यानं घेतलीय त्याच्या हाताला म्हैस पान्हा सोडत नाही. तिथं कुणाचं खोटं चालत नाही.

लांब कामाला गेलेल्या माणसाची खाट वर्षभर राखतात, पण तो कोरडा असला तरच. रोज संध्याकाळी फोन करायचा. पिऊन सापडला तर खाट यादीतल्या पुढच्याला. पण जो सापडायच्या आधी स्वतःहून कबूल करतो, त्याला जाताना एक नाव सांगता येतं. खाट त्या माणसाला.

मी गुजरात मुद्दाम निवडलं, दारूबंदी आहे म्हणून. तात्यासो म्हणाले, "बंदी ऱ्हाऊ दे. तिथं जेवण कवा?"

मी म्हटलं, "नऊला आसंल."

"मग जाऊ नगंस."

मी आलो. कॅम्पवर सुट्टी सहाला, जेवण नऊला. मधले तीन तास मी पत्र्याच्या भिंतीकडे बघत काढायचो. अठराव्या दिवशी एकानं प्लॅस्टिकची पिशवी हातात ठेवली.

तेव्हापासून तीन महिने मी रोज फोनवर खोटं बोललो.

"काय रं, कोरडा हाईस न्हवं?"

"व्हय तात्या."

"जेवलास?"

"जेवलो की."

मागनं अक्काताई ओरडायच्या, "त्याची चादर धुऊन ठेवलीया म्हणावं."

ऋतुराज माझा धाकटा भाऊ, वय २३. त्याला पहिला घोट मी पाजला. बाबांच्या बाराव्याला, रडायचा थांबावा म्हणून. गेल्या आठवड्यात तो दारातच रक्त ओकला. आई फोनवर म्हणाली, "शुक्रवारी दवाखान्यातनं सोडत्यात. घरी आणला तर गल्लीच्या तोंडाला दुकान हाय. तुझ्या त्या तात्यास्नी इचार की रं." मी विचारलं. ते म्हणाले, "खाट न्हाय, बाळा. एकच मोकळी हाय, ती तुझी राखलीया."

मी फोन ठेवला. त्यावर दोन दिवस प्यालो.

तरी मी लिहून देतो की मी घेतलेली आहे, तीन महिने घेत आलोय, आणि मला कुणी पकडलेलं नाही. चार नंबरच्या खाटेवर माझा हक्क उरला नाही. मी नाव सांगतो: ऋतुराज आकाराम चौगले. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. कागदाचा फोटो तात्यासोंना पोचला की लागू. माझी चादर त्यालाच द्या.

ऋत्या, म्हैस आधी लाथ मारंल. बादली घेऊन परत जा. रोज जा.

तात्या, मला परत यायला तेवढी एकच जागा होती. मी फोन करीन. उचलायचा का नाही ते तुम्ही बघा.

सही: सम्राट आ. चौगले
मुंद्रा, बुधवार, ता. १९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: विजयसिंह घाटगे, सुपरवायझर. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: केरबा मगदूम, कॅम्पचा आचारी, रा. कागल. माझ्यासमोर सही केली. फोटो चार वाजून दहा मिनिटांनी मीच पाठवला. जेवण लवकर पाहिजे हे ह्या माणसानं मला तीन महिन्यांत एकदाबी सांगितलं नाही. आमटी चुलीवर आहे. आज त्याला सहाला वाढतो.