कोरडे पडलेले क्यूब

प्रिय सलोनी,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंच आहेस, आणि मेसेज वाचून गप्प बसण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. म्हणून कागद घेतला. बिबवेवाडीहून तुमच्या मांजरी गावात पोस्टाने कधी पोहोचेल देव जाणे, म्हणून मीच उद्या येऊन मामींच्या हातात देईन. घरात असलीस तरी बाहेर येऊ नकोस हवं तर.

तुझ्या दत्तोबामामांच्या गुऱ्हाळावरून राखेची पोती आणली तो दिवस आठवतो? चिपाडाची राख सिमेंटमध्ये मिसळून काँक्रीट करायचं हे खूळ आपल्या दोघींचंच. स्कूटरवरून येताना पोतं फुटलं आणि आपण पापण्यांपर्यंत राखाडी झालो. मामींनी घरात घेतलं नाही, ओट्यावरच काकवी-भाकरी वाढली. तेव्हा आपल्या चौघांतला अनिरुद्ध प्रोजेक्टच्या ग्रुपवर सूचना पाठवत उंटावरून शेळ्या हाकत होता. चौथा योगेश, साच्यात काँक्रीटचे चाचणीचे क्यूब भरायच्या दिवशी आला खरा, पण साच्याबरोबर फोटो काढून गेला. आपण हसलो होतो गं, दोघी आहोत ना, होईल म्हणून.

मग दिवाळीत मी आजीकडे अमरावतीला गेले आणि तू मांजरीला. क्यूब महिनाभर पाण्यात बुडालेले हवेत, नाहीतर काँक्रीटला ताकद येत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. योगेशचं घर कॉलेजशेजारी, म्हणून टाकीतलं पाणी बघायची जबाबदारी त्याने आपणहून घेतली. मी परत आले तर टाकीचं बूच निघालेलं, पाणी वाहून गेलेलं आणि क्यूब पांढरेफटक, कोरडे ठणठणीत. दाब देणाऱ्या मशीनमध्ये घातले तर अपेक्षेच्या निम्म्यावरच फुटले. योगेश म्हणाला, मशीनच बिघडलंय. नाचता येईना, अंगण वाकडं! अनिरुद्धने घरी बसून छान छान आकडे तयार केले, ग्रुपवर टाकले, आणि त्याखाली तू अंगठा पाठवलास. त्या दोघांकडून मला काही अपेक्षाच नव्हती. तुझ्या अंगठ्याने मात्र मला रडवलं. मी काही बोलायच्या आत योगेशने तो तक्ता सरांच्या हातात ठेवला, आणि तू शेजारी मूग गिळून उभी राहिलीस.

का उभी राहिलीस ते मला कळतं. तुझे बाबा गेल्यावर मामांनी तुला शिकवलं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी गुऱ्हाळावर येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा दिला. निकाल अडकला तर ती नोकरी तुझ्यासाठी थांबणार नाही. माझंही वर्ष जाईल, आणि आमच्या घरी काय महाभारत होईल ते विचारू नकोस. म्हणून मीसुद्धा आठवडाभर स्वतःला समजावत होते, की प्रोजेक्टच तर आहे, कपाटात धूळ खात पडेल.

पण ते कपाटात राहिलं नाही, सलोनी. सरांना आपले आकडे इतके आवडले की त्यांनी ते मामांच्या ओळखीच्या ठेकेदाराला दिले. गुऱ्हाळासमोरच्या बालवाडीची भिंत तो याच मिश्रणात बांधणार आहे, आणि राख मामा देणार आहेत, भाचीचा प्रोजेक्ट म्हणून, हौसेने. त्या भिंतीला टेकून पोरं डबा खाणार. आपलं मिश्रण चांगलं असेलही, पण ते आपल्याला माहीत नाही गं, कोणालाच माहीत नाही. सोमवारी सकाळी मी सरांना सगळं सांगणार आहे. तुझं नाव मी घेणार नाही, पण निकाल चौघांचा एकच लागतो. मला फार भीती वाटते आहे. तू बरोबर आलीस तर कमी वाटेल. नाही आलीस तर तुझ्या रागाचीही तयारी ठेवली आहे. फक्त एक कर. पेढे वाटलेल्या माणसाला हे सरांकडून किंवा ठेकेदाराकडून कळू नये. सोमवारच्या आत मामांना तू सांग.

चिडलेली, तरी तुझीच,
तनुजा