तुळसाचा लाल सुंभ

तारकर्ली,
ता. १२ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. आनंदीताईस,

विमलाचा नमस्कार. मी बरी आहे. तुमच्याकडेही सर्व कुशल आहे असे धरून चालते. शाळेपासून तुझे घर हाकेच्या अंतरावर असून पत्र लिहावे लागते, कारण मागच्या खेपेला तू दार लावून घेतलेस. हौसाबाईंना वाचता येत नाही, तेव्हा सासूची धास्ती न बाळगता वाच.

शाळेत काय झाले ते तू वाडीतल्या बायकांकडून ऐकलेस. आता माझ्याकडून ऐक.

दुसरीच्या मुलांना यंदा मी आलेख शिकवते आहे. ट्रेनिंग कॉलेजात चौकटींचा कागद मिळायचा. इथे मिळत नाही. म्हणून जूनमध्ये प्रत्येकाला दाराशी उभे करून त्याच्या उंचीएवढा सुंभ कापला आणि भिंतीवर ओळीने उभे ताणले. खाली खडूची एक आडवी रेघ. सगळे सुंभ तिथूनच सुरू करायचे, नाहीतर तुलना खोटी ठरते.

"बाई, रेघ कशाक?" धोंडूने विचारले.

तुझी सावत्र लेक एरवी तोंड उघडत नाही. त्या दिवशी तुळसाच बोलली, "भातार मारतत तशी. भात रेघेच्या खाली गेलो काय समाजता, कोणी चोरून खाल्ल्यान ता."

"भातावर रेघ कोण मारतं?"

"आये. कलथ्यान."

मी पुढचा धडा घेतला. खारेपाटणला आपल्याला सांभाळणारी काकीही टोपातल्या भातावर कलथ्याच्या कडेनेच खूण करायची. त्या घराबाहेर ही पद्धत मी कुठे पाहिली नव्हती.

जानेवारीत पुन्हा उंची मोजली. या वेळचे सुंभ मुलांकडूनच कापून घेतले, कोकमाच्या पाण्यात लाल केले आणि जुन्यांच्या शेजारी ताणले, म्हणजे कोण किती वाढले ते एका नजरेत दिसावे. तुळसाने आपला सुंभ गुपचूप वीतभर लांब कापून आणला होता. भिंतीवर काय दिसणार हे तिला इतरांच्या आधी कळले होते. मी तिला सगळ्यांसमोर परत दाराशी उभी केली आणि जास्तीचा तुकडा कापून टाकला. तिचे दोन्ही सुंभ सारखे भरले.

"बाई, तुळसाचो लाल सुंभ वाढाकच नाय!"

"वाढतलो कसो? तेका पण उपाशी ठेवल्यानी!"

मुले खूप हसली. मी त्यांना गप्प केले आणि तोच आलेख पाटीवर काढायला लावला. तुळसालाही. तिचा सर्वांत अचूक आला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी सगळी वाडी शाळेत येणार हे मला माहीत होते. भिंत रिकामी करता आली असती. मी सुंभांखाली नावे लिहिली. तुळसाचे जरा मोठ्या अक्षरात.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मी तुझ्या दारी आले तेव्हा ती चुलीमागे बसली होती. मनगटावर कलथ्याची कड उठलेली होती. तू मला उंबऱ्यातच अडवलेस.

"माझ्या वाट्याचा खाऊन वाढलंस गो तू! तुझ्यापायी काकीचो मार खाल्लंय मी. आणि आता माझ्याच दारात फूटपट्टी घेऊन इलंस? जा, सरकारचो पगार घे आणि गप रव."

तू म्हणालीस ते खरे आहे. रेघेखालचा भात तू काढायचीस, मी खायची आणि मार तुला बसायचा. मी तुझ्याहून टीचभर उंच आहे. का, ते मला फार पूर्वीच कळले होते. मी ते कधी बोलले नाही. पण त्या हिशेबात तुळसा कुठेच येत नाही. ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

सत्यवान भावोजींना मी तुझी तक्रार लिहिली नाही. तुळसाचे दोन्ही सुंभ पाकिटात घालून मुंबईला पाठवले. सोबतच्या चिठ्ठीवर तिचे नाव आणि दोन तारखा, एवढेच. गोदीत काम करणाऱ्या माणसाला दोरीची लांबी समजवावी लागत नाही.

त्यांचे उत्तर शनिवारी आले. ते या शुक्रवारच्या बोटीने उतरतील, आणि त्याच दिवशी तुळसा माझ्याकडे राहायला येईल. तोवर तिला पोटभर वाढण्याची घाई करू नकोस. चार दिवसांत उंची वाढत नाही.

तुला यापुढे घरात ठेवणार नाही असे त्यांनी लिहिले आहे, आणि तुला कुठे पोचवायचे हे मला विचारले आहे. शाळेने दिलेली माझी खोली एकटीपुरती आहे. लहान पोर तिच्यात मावेल. दुसरी बाई मावणार नाही. म्हणून मी उलट टपाली कळवले की तुझे माहेर खारेपाटणला आहे आणि काकी अजून धडधाकट आहे.

तुझी सख्खी बहीण,
विमला