नऊ नंबरचं मशीन

१ ऑक्टो., बुध.
उद्या दसरा. क्लासच्या लॅबमधले कॉम्प्युटर पुसले, झेंडू आणला. क्लास सरांचा, ऑफिस त्यांचा मेहुणा बघतो, त्याला जास्तीचा चेव. "शिंदे, पूजेला मशीन आतूनबी साफ पाहिजे." नांदेडच्या हेड ऑफिसातून पासवर्ड मागवला आन् सगळ्या मशीनमधलं "जुनं साचलेलं" उडवत बसला. लॅब मी सांभाळतो, मला तो पासवर्ड कधी दिला नाही. म्हणलं, बघून उडवा. "हाव, कळतंय मला."

३ ऑक्टो., शुक्र.
कुंकू की-बोर्डात गेलंय, ते मरू दे. परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं की आपोआप दुरुस्ती सुरू होते आणि मूळ इन्स्टॉलरची फाइल मागते. ती ह्या शहाण्यानं कचरा म्हणून उडवली. 'रद्द' दाबलं की सगळंच बंद. कधी चालू पेपरमधेच ही दुरुस्तीची खिडकी स्क्रीनवर येते. नांदेडला फोन केला. "सोमवारी बघू."
सरांना म्हणलं, उद्याची परीक्षा पुढं ढकला. "पालकांना काय सांगू?" उद्याच्या मार्कांवर हुशार पोरांची पहिली बॅच ठरणार. पल्लवी आहे त्यात. ताईची पोरगी, देवणीहून माझ्याकडं राहायला आलेली.

४ शनि.
झालंच. नऊ नंबरवर पल्लवी. खिडकी आली, तिनं हात वर केला, मी पोचेपर्यंत घाबरून 'रद्द' दाबलं. पेपर गेला. आणखी चार पोरांचं तेच.
घरी जेवली नाही. "मामा, माझं काय चुकलं?" मेहुण्याच्या कानाखाली काढावी वाटलं. काढली नाही अर्थात.

७ मंगळ.
नांदेडवाल्यानं इन्स्टॉलर पाठवला, पण नव्या व्हर्जनचा. दुरुस्तीला जुनाच लागतो, जो आधी टाकलेला तोच. "नवा चांगला असतोय की." डोकं धरलं. शेवटी जुना सापडला त्याला. आता तो तिथून पासवर्ड टाकतो, मी इथून चालवतो. एकेक मशीन नीट होऊन राहिलंय.
निकाल लागला. पल्लवी तिसऱ्या बॅचमध्ये.

९ गुरु.
सरांकडं गेलो. ज्यांचे पेपर बंद पडले त्यांची परीक्षा परत घ्या.
"पोरांनीच बंद केले. 'रद्द' कोणी दाबलं?" मेहुणा शेजारी बसून चहा पीत होता.
म्हणलं, नऊ नंबर दुरुस्त न करता तसंच ठेवलंय, खिडकी आपोआप कशी येते ते या बघायला.
मग सर गोडीत आले. "भाचीसाठी भांडून राहिलात ना? घेतो तिला पहिल्या बॅचला. रविवारी पालकसभा आहे. त्याच्या आत नऊ नंबर नीट करून टाका आन् विषय मिटवा."
बाकीच्या चौघांचं? "त्यांचे मामा इथं नाहीत."

११ शनि.
सरांचं बोलणं ताईला कळवलं होतं, तिचा फोन. "आपल्या पोरीचं बघ बाबा. जगाचं तुला काय पडलंय?" तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. पल्लवीला सांगितलेलं नाही. तीच सकाळी विचारत होती, त्या चौघांची परत घेणार का म्हणून.
बाहेर सर उद्याच्या भाषणाची तयारी करून राहिलेत. भूकंपातनं लातूर उभं राहिलं ते सचोटीवर, असलं काहीतरी. ऐकून किळस आली. स्वतःचीबी.
लॅबमधेच लिहितोय. नऊ नंबरवर खिडकी तशीच उघडी. मोबाइल टेबलावर, नांदेडवाल्याची लाइन चालू.
"एवढं एकच राहिलं ना? टाकू का पासवर्ड?"
म्हणलं, थांबा जरा.
"मग फोन ठेवू?"
ठेवू नका, म्हणलं.